विद्वानाचें मोल कशानें मोजावें?

गेल्या पौष महिन्यांत आमच्या संघाच्या कार्यकारी मंडळापुढें एक प्रश्न आला. कालव्याखालील आपल्या शिवारांतील कितीतरी काळी जमीन चोपण होत चालली आहे, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ज्या रानांत वडिलांनीं भरघोस ऊस काढला त्याच रानांत आज उगवण धड होत नाहीं, अशीं कुटुंबें आपल्यांतच आहेत. तेव्हां या विषयांतील एखाद्या तज्ज्ञास बोलवावें आणि त्यांच्या सल्ल्यानें सभासदांनीं जिप्सम, चर व सेंद्रिय खत यांवर खर्च करावा, असें ठरलें. हा खर्च थोडाथोडका नाहीं. कित्येकांस त्यासाठीं सोसायटीचें कर्ज काढावें लागणार. नांवें दोन पुढें आलीं. एका तरुण सभासदानें तेथल्या तेथें मोबाईलवर शोध करून सांगितलें कीं, पहिल्या गृहस्थांच्या शोधनिबंधांचा उल्लेख जगांत चार हजारांहून अधिक वेळां झाला आहे. दुसऱ्यांचा शंभर वेळांही नाहीं. झालें! सभेचा कल एकदम पहिल्या नांवाकडे झुकला.

आमची सारी नोकरी तहसील कचेरींत आंकडे उतरविण्यांत गेली. आंकडा मोठा दिसला कीं तो खरा वाटूं लागतो, हा अनुभव आम्हांस नवा नाहीं. त्या मोहास बळी पडून आम्हीं स्वतः एकदां एक चूक केली आहे आणि तिचें शल्य अद्याप गेलेलें नाहीं. ती हकीकत पुढें ओघानें येईल. म्हणून मंडळास विनंती करून आम्हीं एक महिन्याची मुदत मागून घेतली. हे उल्लेख म्हणजे काय, ते कोण मोजतो, आणि त्यांवरून विद्वानाची योग्यता किती कळते, याचा त्या महिन्यांत जो शोध लागला तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

उल्लेख म्हणजे काय?

कोणीही विद्वान शोधनिबंध लिहितो तेव्हां पूर्वीच्या कोणकोणत्या लेखनाचा आपण आधार घेतला याची यादी शेवटीं देतो. त्या यादींतील प्रत्येक नोंद हा त्या पूर्वीच्या लेखकाचा एक उल्लेख होय. ज्यांस सातबारा वाचतां येतो त्यांस हें समजण्यास अडचण नाहीं. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नांवाशेजारीं फेरफाराचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून मागें गेलें कीं मूळ व्यवहार सांपडतो. आतां कोणी असें केलें कीं, एक फेरफार घेऊन त्याचा हवाला पुढें कोणकोणत्या नोंदींत आला याचीच उलटी सूची बांधली, तर ती उल्लेख-सूची झाली.

असली सूची प्रथम वकिलांच्या उपयोगासाठीं झाली. अमेरिकेंत फ्रँक शेपर्ड नांवाच्या गृहस्थानें १८७३ सालीं न्यायनिवाड्यांची अशी सूची काढण्यास आरंभ केला. एखाद्या निवाड्याचा आधार पुढील कोणत्या निवाड्यांत घेतला गेला, हें त्यांत पाहतां येई. शेपर्डच्या सूचींत एक महत्त्वाची खूण असे. पुढील न्यायालयानें तो निवाडा मान्य केला, कीं निराळा ठरविला, कीं रद्द केला, हें तेथें दर्शविलेलें असे. हीच कल्पना पुढें यूजीन गारफील्ड यांनीं शास्त्रीय निबंधांस लावावी असें १९५५ सालीं सुचविलें आणि १९६४ पासून फिलाडेल्फिया येथील आपल्या संस्थेमार्फत विज्ञानाची उल्लेख-सूची नियमित प्रसिद्ध केली. परंतु शास्त्राच्या सूचींतून जेव्हां नुसती बेरीज होऊं लागली, तेव्हां शेपर्डची ती खूण गळाली. मान्य केलें कीं खोडून काढलें, याचा भेद बेरजेंत उरला नाहीं.

गारफील्ड यांचा मूळ हेतु जुना निबंध कोणीं पुढें नेला हें शोधण्याची सोय व्हावी हा होता. पुढें त्याच सोयीची फूटपट्टी झाली. २००५ सालीं कॅलिफोर्नियांतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक हर्श यांनीं एकाच आंकड्यांत विद्वानाचें सारें काम बसविण्याची युक्ति काढली. ज्याच्या दहा निबंधांस प्रत्येकीं निदान दहा उल्लेख मिळाले त्याचा अंक दहा. ज्याच्या चाळीस निबंधांस प्रत्येकीं निदान चाळीस मिळाले त्याचा अंक चाळीस. यास एच-निर्देशांक म्हणतात. हिशेब सुटसुटीत असल्यामुळें तो सर्वत्र पसरला. आपल्या देशांतही विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० च्या नियमांनीं प्राध्यापकांच्या बढतीसाठीं निबंधांस गुण देण्याची पद्धत घातली. त्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें बोकाळलीं, आणि कोणतें नियतकालिक खरें व कोणतें खोटें याच्या याद्या करण्याची पाळी आयोगावरच आली. निकालीं काढलेल्या प्रकरणांच्या संख्येवरून कारकुनाची परीक्षा होऊं लागली म्हणजे सोपीं प्रकरणें आधीं निकालांत निघतात आणि अवघड तशींच राहतात, हें आम्हीं कचेरींत पाहिलेलें आहे. विद्वानही अखेर माणसेंच.

प्रत्येक पिकाचें माप निराळें

एकरीं चाळीस टन ऊस आणि एकरीं आठ क्विंटल ज्वारी यांचे आंकडे शेजारीं मांडून ज्वारीवाला नालायक ठरविणारा शेतकरी आपल्यांत कोणी नाहीं. पण विद्वानांच्या बाबतींत हीच चूक सर्रास होते. निरनिराळ्या शास्त्रांत उल्लेखांचें उत्पन्न निरनिराळें येतें आणि त्याचीं कारणें शोधल्यास सहज सांपडतात.

पहिलें कारण असें कीं, ज्या शास्त्रांत काम करणारे लोक पुष्कळ, तेथें उल्लेखही पुष्कळ. जीवरसायन व वैद्यक यांत जगभर मोठमोठीं मंडळें राबत असतात आणि प्रत्येक निबंधाखालीं लांबलचक यादी असते. गणितांत माणसें थोडीं, याद्या आंखूड आणि निबंध पिकण्यास वेळ फार. दुसरें कारण, रसायन व वैद्यकाच्या एकाच निबंधावर दहा-वीस नांवें असणें नित्याचें आहे; निबंधास मिळालेला प्रत्येक उल्लेख त्या प्रत्येकाच्या खात्यावर पूर्णच्या पूर्ण जमा होतो. सामाईक खात्यांतील दहा हिस्सेदारांनीं प्रत्येकानें सबंध सर्व्हे नंबर आपला म्हणून दाखवावा, तशी ही गोष्ट आहे. तिसरें कारण, नवा विचार सांगणाऱ्या निबंधापेक्षां रोजच्या वापराची कृति सांगणारा निबंध अधिक वेळां उल्लेखिला जातो. अमेरिकेंतील लॉरी व त्यांचे सहकारी यांनीं १९५१ सालीं द्रवांतील प्रथिनें मोजण्याची एक कृति प्रसिद्ध केली. २०१४ सालीं जेव्हां जगांतील सर्वाधिक उल्लेखिलेल्या निबंधांची मोजणी झाली, तेव्हां हाच निबंध पहिला आला आणि त्याचे उल्लेख तीन लाखांहून अधिक भरले. कृति उपयुक्त खरी. तथापि त्या आंकड्यावरून तो आजवरचा सर्वांत थोर शोध आहे, असें कोणीही जाणता मनुष्य म्हणणार नाहीं.

हें सामान्य विवेचन झालें. पण एका खऱ्या विद्वानाचें काम चार शेतांत पसरलेलें घेऊन त्याचे उल्लेख प्रत्येक शेतांत कसे वागतात हें पाहिल्याशिवाय गोष्ट मनांत ठसत नाहीं. असे एक विद्वान आपल्याच मुलुखांत होऊन गेले.

डॉ. सुखात्मे यांचीं चार शेतें

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांतून पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत १९३६ सालीं त्यांस संख्याशास्त्राची डॉक्टरची पदवी मिळाली. १९४० सालीं ते दिल्लीस कृषि संशोधन परिषदेंत रुजू झाले. तेथें त्यांनीं उभारलेल्या शाखेचीच पुढें आजची भारतीय कृषि सांख्यिकी संशोधन संस्था झाली. १९५१ सालीं ते रोम येथें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत गेले आणि जवळजवळ वीस वर्षें तेथील संख्याशास्त्र विभाग त्यांनीं चालविला. १९७१ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. निवृत्तीनंतर पुण्यास परतून त्यांनीं आहारशास्त्रावर काम केलें आणि तेथेंच १९९७ सालीं ते वारले.

त्यांचें पहिलें शेत शुद्ध संख्याशास्त्राचें. नमुना कसा निवडावा याच्या सिद्धांतावरील त्यांचा निबंध १९३५ चा, आणि त्यानंतर १९३८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत एक अति कठीण गणिती निबंध प्रसिद्ध झाला. असे निबंध समजणारे लोक जगांत मोजके. त्यामुळें त्यांचे उल्लेखही मोजकेच. पिकाच्या भाषेंत बोलावयाचें तर ही कोरडवाहू जमीन. तिच्यांत उत्पन्न थोडें येतें, पण पुढील सर्व कामाचें बीं तेथेंच तयार झालें.

दुसरें शेत पाठ्यपुस्तकांचें. डॉ. पानसे यांच्यासह लिहिलेलें शेतकी संशोधकांसाठीं संख्याशास्त्राच्या रीति सांगणारें त्यांचें इंग्रजी पुस्तक १९५४ सालीं कृषि संशोधन परिषदेनें काढलें. आपल्या मुलांपैकीं कोणी कृषि महाविद्यालयांत प्रबंध लिहिला असेल तर तो उघडून पाहावा. आंकडेमोड कोणत्या रीतीनें केली हें सांगतांना "पानसे व सुखात्मे" हीं दोन नांवें बहुधा सांपडतीलच. हजारों प्रबंधांत व निबंधांत तीं आहेत. आतां गंमत अशी कीं, वाफ्यांची चिठ्ठ्या टाकून मांडणी करण्याची आणि फरकाची फोड करण्याची मूळ रीत इंग्लंडांतील रोथॅम्स्टेड येथील शेतकी प्रयोगकेंद्रांत रोनाल्ड फिशर यांनीं बसविली. पानसे-सुखात्मे यांनीं ती भारतीय उदाहरणें घालून सुबोध करून सांगितली. हें काम लहान नाहीं. त्यामुळें देशांतील प्रयोगकर्त्यांच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या. परंतु प्रबंधांतील उल्लेख मूळ शोधकाऐवजीं पाठ्यपुस्तकास मिळतो. शिवाय पुष्कळ विद्यार्थी ती ओळ आधीच्या प्रबंधांतून जशीच्या तशी उतरवितात. पत्रावर "सन्माननीय" लिहावें तशी ती वहिवाट झाली आहे.

येथें कारकुनी नजरेस पडलेली आणखी एक गोष्ट नमूद करतों. याच शास्त्रांत सुखात्मे आडनांवाचे दुसरेही विद्वान होऊन गेले. नमुना-पाहणीच्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीवर बी. व्ही. सुखात्मे यांचेंही नांव आहे. रोमन लिपींत हें आडनांव लिहितांना लोक अक्षरें मागेंपुढें करतात. त्यामुळें एकाचें खातें दोन ठिकाणीं फुटतें, तर दोघांचीं खातीं एकत्र होतात. एका गांवांत एकाच नांवाचे तीन खातेदार असले म्हणजे सातबाऱ्यावर काय घोटाळे होतात हें ज्यांनीं भोगलें आहे, त्यांनीं संगणकानें काढलेली बेरीज डोळे मिटून स्वीकारूं नये.

कापणीचा प्रयोग

तिसरें शेत आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचें. पूर्वीं पिकाचा अंदाज नजरेनें होत असे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक धरून पाटील-तलाठी यंदा दहा आणे कीं बारा आणे तें सांगत, आणि लागवडीचें क्षेत्र, ठरीव सरासरी व आणेवारी यांचा गुणाकार करून सरकार प्रांताचें उत्पन्न काढी. नजर कोणाची, यावर सारें अवलंबून. बिहार-ओरिसांत मुलकी अधिकारी असलेले हबॅक यांनीं १९२३ ते १९२५ या काळांत भाताची शेतें दैवगतीनें निवडून तुकडे कापून पाहिले आणि आपला अहवाल १९२७ सालीं एका सरकारी पत्रिकेंत छापला. असली पत्रिका कोण वाचणार? पण जाणत्यांनीं ती हेरली, आणि वीसएक वर्षांनीं कलकत्त्याच्या 'सांख्य' या नियतकालिकानें ती पुन्हां छापली. उल्लेखांच्या सूचींत हबॅक यांचें नांव नगण्य आहे. पीक मोजण्याच्या इतिहासांत तें पहिल्या पानावर आहे.

त्यानंतर या देशांत दोन मतें झालीं. कलकत्त्याचे प्राध्यापक महालनोबिस यांचें म्हणणें असें कीं, पुष्कळ ठिकाणीं अगदीं लहान तुकडे कापावे. डॉ. सुखात्मे यांचें म्हणणें असें कीं, तुकडा लहान असला तर उत्पन्न फुगून येतें. १९४६ सालीं इंग्लंडच्या 'नेचर' या प्रख्यात साप्ताहिकांत त्यांनीं हें प्रयोगानिशीं मांडलें. कारण कोणाही शेतकऱ्यास पटेल असें आहे. तुकड्याच्या कडेवर जें ताट येतें तें आंत घ्यावें कीं बाहेर टाकावें, असा संशय पडतो, आणि कापणाऱ्याचा हात तें आंत घेण्याकडे वळतो. आम्हीं स्वतः हिशेब करून पाहिला. दोन फूट त्रिज्येचें वर्तुळ घेतलें तर त्याचें क्षेत्र सुमारें साडेबारा चौरस फूट आणि परीघही तेवढाच साडेबारा फूट; म्हणजे दर चौरस फुटामागें एक फूट कड. उलट ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद असा एकराचा ऐंशीवा भाग घेतला तर कड ९९ फूट आणि क्षेत्र ५४४ चौरस फुटांहून थोडें अधिक. म्हणजे दर चौरस फुटामागें पांचव्या हिश्श्याहूनही कमी कड. कड जितकी जास्त तितका संशय जास्त आणि चूकही तितकी मोठी.

आज पिकाची कापणी करून उत्पन्न ठरविण्याची पद्धत देशभर चालूं आहे. २०१६ पासून चालूं असलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंतही मंडळाचें सरासरी उत्पन्न ठरवितांना असे प्रयोग होतात आणि त्यांवरून भरपाई मिळते कीं नाहीं तें ठरतें. दोर व फीत घेऊन शेतांत उतरणारा तलाठी किंवा कृषि सहायक आपल्या तक्त्यावर सुखात्मे यांचें नांव लिहीत नाहीं. विमा कंपनीही लिहीत नाहीं. तात्पर्य, ज्या कामानें लक्षावधि कुटुंबांच्या पदरांत कांहीं पडतें किंवा पडत नाहीं, तें काम उल्लेखांच्या सूचींत जवळजवळ दिसतच नाहीं. रीत इतकी मुरली कीं तिचा कर्ता विसरला गेला.

येथें आमच्या चुकीची हकीकत सांगणें प्राप्त आहे. नोकरीस लागून दोन-तीन वर्षें झालीं होतीं. सालें अवर्षणाचीं. एका गांवीं बाजरीच्या कापणी प्रयोगास आम्ही मदतनीस म्हणून गेलों. चिठ्ठीप्रमाणें जो सर्व्हे नंबर आला तो माळावर, गांवापासून दीड कोसावर. दिवस कलला होता. कोणीतरी म्हणालें, सडकेलगत अमक्याचें रान आहे, तेथेंच कापूं. बाजरी ती बाजरीच. त्या रानास विहिरीचें पाणी मिळालेलें होतें. आम्हांस तें दिसत होतें. तरीही आम्हीं तक्ता भरला आणि खालीं सही केली. पैसेवारी पन्नास पैशांच्या वर गेली आणि त्या गांवास त्या वर्षीं सवलत मिळाली नाहीं. एका शेतामुळेंच असें झालें असें आम्ही म्हणत नाहीं, पण आमच्या तक्त्याचा भार त्यांत होता. पुढें माळावरील त्या रानाचा मालक कचेरींत आला. तो रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "भाऊसाहेब, माझ्या माळावर तुम्ही आलाच नाही. मग माझं पीक मोजलं कुणी?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें आणि आजही नाहीं.

उल्लेखांची मोजणी अशीच सडकेलगतच्या रानांत होते. जें छापून सूचींत येतें तें मोजणें सोपें म्हणून तें मोजलें जातें. माळावर जें पिकतें, म्हणजे सल्ला, सरकारी पत्रिका, शेतकऱ्यांत मुरलेली रीत, तिकडे मोजणारा फिरकतच नाहीं.

विरोधकांचे उल्लेख

डॉ. सुखात्मे यांचें चौथें शेत आहाराचें. तेथें गेल्यावर त्यांनीं भल्याभल्यांशीं वाद ओढवून घेतला. अन्न व शेती संघटनेचे पहिले प्रमुख लॉर्ड बॉइड ऑर यांनीं जगांतील दोनतृतीयांश लोक उपाशी आहेत असें म्हटलें होतें. सुखात्मे यांनीं १९६१ सालीं लंडनच्या संख्याशास्त्र सोसायटीपुढें निराळा हिशेब मांडला. १९६३ च्या संघटनेच्या पाहणींत पोटभर न मिळणारे लोक दहा ते पंधरा टक्के आणि भूक किंवा निकृष्ट आहार यांपैकीं कशानें तरी पीडलेले निम्म्यापर्यंत, असा अंदाज दिला गेला. त्यानंतर जगभर प्रथिनांच्या टंचाईचा डांगोरा पिटला जात असतांना सुखात्मे यांनीं सांगितलें कीं, आपल्या लोकांस जोंधळा, तांदूळ, डाळ हें नेहमींचें अन्न पोटभर मिळालें तर प्रथिनें बहुधा त्यांतच मिळतात; खरी तूट अन्नाचीच आहे. हें मत पुढें पुष्कळांस पटलें.

१९८२ सालीं मात्र कॅलिफोर्नियांतील मार्गेन यांच्यासह त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, निरोगी मनुष्याची अन्नाची गरज दिवसेंदिवस कमीजास्त होते आणि शरीर कांहीं मर्यादेंत आपलें आपण जुळवून घेतें. म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरूं नये. या मतावर गदारोळ उठला. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर व आहारशास्त्रज्ञ डॉ. गोपालन यांच्यासारख्या अधिकारी पुरुषांनीं त्यास विरोध केला. कमी खाऊन जगणें आणि कमी खाऊन राबणें यांत अंतर आहे, लहान मुलांची वाढ खुंटते तिचें काय, आणि गरिबांची संख्या कागदावर कमी दाखविण्यास हें निमित्त होईल, असे आक्षेप निघाले. खरें कोणाचें, याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्हांस इतकेंच सांगावयाचें आहे कीं, या वादांत जे जे सुखात्मे यांच्याविरुद्ध लिहीत त्यांनाही त्यांचें नांव लिहावेंच लागे, आणि तो प्रत्येक विरोध त्यांच्या खात्यावर उल्लेख म्हणून जमा होई. शेपर्डच्या सूचींतील ती मान्य-रद्दची खूण असती तर भेद कळला असता.

एकाच विद्वानाचीं हीं चार शेतें. कठीण गणितास उल्लेख थोडे, पाठ्यपुस्तकास वहिवाटीनें हजारों, आहाराच्या मतास वादामुळें पुष्कळ, आणि कापणीच्या रीतीस, जी आपल्या घरापर्यंत आली, तिच्या वापराच्या मानानें नांवाला. चारही मिळून एक बेरीज केली तर त्या बेरजेंतून यांपैकीं काय कळेल?

मग काय करावें?

उल्लेख अगदींच निरुपयोगी आहेत असें आमचें मत नाहीं. एकाच शास्त्रांतील, सारख्याच वयाच्या दोन विद्वानांकडे पाहतांना त्यांचा कांहीं उपयोग होतो, आणि कोणाचें काम कोणीं पुढें नेलें हें शोधण्यास तर होतोच. २०१२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें जमलेल्या शास्त्रीय नियतकालिकांच्या संपादकांनीं व प्रकाशकांनींच एक जाहीरनामा तयार केला. नियतकालिकांच्या आंकड्यांवरून विद्वानाची परीक्षा करूं नये, त्याचें काम वाचून करावी, असा त्याचा आशय आहे. आपण शेतकऱ्यांनीं निबंध वाचावे अशी अपेक्षा नाहीं. पण प्रश्न विचारणें आपल्या हातीं आहे. मंडळापुढें आम्हीं चार प्रश्न ठेवले, ते असे:

१. ज्यांस बोलवावयाचें त्यांचें शास्त्र कोणतें, आणि त्या शास्त्रांत साधारण उल्लेख किती मिळतात?

२. त्यांचे उल्लेख कोण करतो? मान्य करून, खोडून काढण्यासाठीं, कीं वहिवाटीनें?

३. त्यांचें काम आपल्यासारख्या जमिनींत, किती हंगाम, आणि वाफे कसे निवडून झालें? शेजारीं उपायाविना राखलेला पट्टा होता काय?

४. त्यांचें नांव न घेतां त्यांची रीत वापरणारे शेतकरी कोठें आहेत? असल्यास त्यांची रानें पाहून यावें.

या प्रश्नांनीं चित्र पालटलें. पहिले गृहस्थ थोर आहेत यांत संशय नाहीं. पण त्यांचें काम क्षार सोसणाऱ्या झाडाच्या पेशींतील घडामोडींचें, प्रयोगशाळेंतील, आणि निबंधांवर वीस-वीस नांवें. पुढेंमागें त्यांतून चोपणांत टिकणारें वाण निघालें तर आपणच त्यांस दुवा देऊं. दुसऱ्या गृहस्थांनीं आपल्यासारख्याच कालव्याखालील काळ्या जमिनींत तीन हंगाम चर व जिप्सम यांचे प्रयोग केले. चिठ्ठ्या टाकून वाफे निवडले, पट्टे राखले, आणि ज्या वाफ्यांत गुण आला नाहीं तेही आपल्या अहवालांत लिहिले. ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. तेथील दोन शेतकऱ्यांकडे मंडळाचे सभासद जाऊन आले. एकाचें रान सुधारलें आहे; दुसऱ्याच्या चरांस उतार नसल्यामुळें पाणी तुंबलें आणि जिप्समचा पैसा वायां गेला. दोघांनींही हें मोकळेपणीं सांगितलें.

मंडळानें दुसऱ्या गृहस्थांस निमंत्रण दिलें आहे. परंतु सर्व सभासदांनीं एकदम कर्ज काढावें हा विचार सोडला. प्रथम पांच रानांत त्यांच्या सल्ल्याप्रमाणें, मातीची तपासणी करून, काम करावयाचें आणि प्रत्येक रानांत एक पट्टा जसाच्या तसा राखावयाचा, असें ठरलें. हीं पांच रानें कोणतीं, हें गेल्या अमावास्येस चावडींत सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून ठरविलें. पहिलीच चिठ्ठी ओढ्यापलीकडील एका अडचणीच्या रानाची निघाली. तेथें बैलगाडीही धड जात नाहीं. सभेंत कुजबुज झाली कीं, सडकेकडचें दुसरें घ्यावें, लोकांस पाहण्यास सोयीचें पडेल. आम्हीं उठून माळावरच्या त्या बाजरीची गोष्ट सांगितली. चिठ्ठी बदलली नाहीं.

हंगामाचे आंकडे आले म्हणजे, ते बरे असोत वा वाईट, याच मासिकांत पांचही रानांच्या नांवानिशीं छापूं.